४११८

पंचगंगा पतसंस्थेत आली ती मागच्या दारानं,
खातेदारांसारखी रांगेत थांबली नाही.
चौथ्या खणापर्यंत चढली.
ओसरली तेव्हा सहा हजार दोनशे बारा कार्डं
एकमेकांना चिकटून एकच खातं झाली होती.

आम्ही ती सोडवली, सुतळीवर टांगली,
हॉलभर, चिमटे लावून, पंखे पाचावर.
दस्तगीरमामा म्हणाले, "लग्नाच्या पताका वाटायल्यात."
शाळेतल्या पोरांनी ती नंबरानं लावली
आणि मी बसले टाइप करत,
सेक्रेटरींची भाची, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षातली,
लॅपटॉप उसना, बोटांना नदीचा वास.

सी मधे लिहिलं.
खाली शून्य, वर सहा हजार दोनशे अकरा.
"शून्य नंबरचं खातं कुणाचं गं?"
"खात्याचा नाही मामा, जागेचा नंबर. मोजणी तिथनं सुरू होते."
"म्हंजे पहिल्या माणसाला काहीच नाही. बरं."

खाली जोवर वरच्या पुढं जात नाही
तोवर मधलं उचल.
हवं ते त्याहून मोठं असेल तर डावीकडचे सगळे सोड,
लहान असेल तर उजवीकडचे.
सोड म्हणजे सोडच, मागं वळून बघायचं नाही.
एका तुलनेत तीन हजार माणसं बाजूला,
मग पंधराशे, मग साडेसातशे,
फार तर तेरा घासांत अख्खी पतसंस्था.

मधलं काढताना खाली-वरची बेरीज करून निम्मं केलं नाही.
आकडे फुगले की बेरीज भांड्याबाहेर सांडते.
आधी दोघांतलं अंतर निम्मं केलं, ते खालीत मिळवलं.
पूर पाहिलेल्या गावात
एवढं तरी सुचायला हवं.

चौथ्या दिवशी आक्काताई कुंभार आल्या,
पापाच्या तिकटीवरनं चालत.
दीडशे गणपती परत चिखल झालेले,
नखांत अजून शाडू.
"एक्केचाळीसशे अठरा. बघ की पोरी."

बघितलं.
वर ४११७ वर येऊन थांबला,
खाली ४११९ वर गेला,
दोघे एकमेकांना ओलांडून गेले
आणि पडद्यावर आलं: उणे एक.

इतकी नेमकी जागा असलेलं 'नाही'
मी आधी पाहिलं नव्हतं.
असतं तर इथंच असतं,
या दोघांच्या मधे,
जिथं नखसुद्धा जात नाही तिथं.

"नाहीय," मी म्हणाले.
"नाही कसं? मी हाय की हितं."

दस्तगीरमामांनी चष्मा पुसला,
अंगठा ओला केला
आणि पहिल्या कार्डापासून सुरुवात केली.
मी काही बोलले नाही.
चहा आला, गार झाला, दुसरा आला.
आक्काताई बाकावर बसून
नखातला शाडू काडीनं काढत होत्या.

पाच वाजता सापडलं, ४१८० च्या पाठीमागं.
कुण्या पोरानं घाईत अठराचे एक्क्याऐंशी वाचलेले.
मी टाइप करताना अठराच वाचले होते,
आकडा बरोबर, जागा दुसऱ्याची,
आणि मी एकदाही मान वर करून
शेजारी कोण बसलंय ते बघितलं नव्हतं.
माझ्या तेरा घासांत चूक नव्हती.
मी फक्त धरून चालले होते
की लावलेलं म्हणजे लागलेलं.

"व्याज पुराच्या दिवसांचंबी लाव," आक्काताई म्हणाल्या.
अंगठा उठवला. शाईत थोडी माती गेली.

रात्री एक साधा लूप लिहिला,
मामांच्या अंगठ्यासारखा, एकापुढं एक:
मागचा पुढच्याहून लहान आहे ना?
आहे ना?
आहे ना?
अजून सात जण निघाले, परक्या शेजारात बसलेले.
त्यांच्यातलं कुणीच
विचारायला आलं नव्हतं.